सराफ्यातली दुकानं आणि रक्तातली जनुकं

रामबागेतल्या आमच्या काकांच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी निघाल्या ३८,०००. हिमोग्लोबिन १३, प्लेटलेट ठीक, ताप नाही, सकाळचे पोहे-जिलेबी व्यवस्थित पचतात. निदान झालं क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचं, म्हणजे सीएलएल या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचं. डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या. काकूंचा जीव थाऱ्यावर नाही. “अरे, कॅन्सर म्हणतात आणि साधी गोळीही देत नाहीत?”

डॉक्टरांचं बरोबर होतं. या आजारात त्रास नसताना औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतं, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. पण काकूंच्या मनातला खरा प्रश्न वेगळा होता: असं किती वर्षं निभेल? भारतात जन्मलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ साली गाठी, प्लीहा, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. आजार आज कुठवर आलाय, ते त्यातून कळतं. तो किती वेगाने निघालाय, ते मात्र पेशीच्या आत डोकावल्याशिवाय नीट कळत नाही.

आपल्या इंदूरचा सराफाच बघा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं; रात्री त्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे गराडू नि भुट्ट्याचा कीस. जागा तीच, उघडं काय ते वेगळं. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणतं उघडं आणि कोणतं बंद, यावर पेशीचं वागणं ठरतं. उघड्या जनुकाच्या आरएनए नकला निघतात. त्या मोजता येतात.

२००१च्या सुमारास सीएलएलच्या पेशींतली हजारो जनुकं अशी एकदम तपासली, तेव्हा झॅप-७० नजरेत भरलं. टी आणि बी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. हे मुख्यतः टी-पेशींचं जनुक. सीएलएल तर बी-पेशींचा आजार. म्हणजे काहींच्या रक्तात भलत्याच गल्लीतलं दुकान उघडं होतं! बाहेरून आलेला इशारा ते पेशीत अधिक जोराने पोचवतं. २००४च्या एका मोठ्या अभ्यासात, झॅप-७० जास्त आणि प्रतिपिंडाचं आयजीएचव्ही जनुक न बदललेलं, अशा रुग्णांना निदानानंतर साधारण ३ वर्षांत उपचार लागले. दोन्ही बाबी उलट असलेल्यांना साधारण ११ वर्षांनी.

मग झॅप-७० सगळीकडे का तपासत नाहीत? त्याच नमुन्यात निरोगी टी-पेशीही असतात आणि त्यांचं झॅप-७० मोजणीत घुसतं. लॅबगणिक आकडे बदलतात. म्हणून आता भर आयजीएचव्हीवर आहे. त्यात जन्मजात रचनेपेक्षा २ टक्के किंवा जास्त बदल असेल, तर आजार बहुधा संथ चालतो. उपचार ठरवताना टीपी५३ हे बिघडलेल्या पेशींना आवर घालणारं जनुकही बघतात, कारण ते बिघडलेलं असेल तर जुनी केमो फारशी लागू पडत नाही. तिथे इब्रुटिनिबसारख्या नव्या गोळ्यांनी फार मोठा फरक पडला आहे.

काकांचा आयजीएचव्हीतला बदल ५ टक्के निघाला. काकूंनी तो कागद दोनदा वाचून घेतला, फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आणि कॅलेंडरवर पुढच्या तपासणीच्या तारखेभोवती गोल केला.