नेव्हो : नातूही आणि भाचाही

१३७१ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड निपुत्रिक वारला आणि गादी त्याच्या भाच्याकडे, रॉबर्ट स्ट्युअर्टकडे गेली. हा भाचा मामापेक्षा ८ वर्षांनी मोठा! डेव्हिडचे वडील, आधीचे राजे रॉबर्ट द ब्रूस यांना पहिल्या बायकोपासून झालेली मुलगी मार्जरी, तिचा हा मुलगा. म्हणजे तो ब्रूसचा नातू आणि डेव्हिडचा सावत्र भाचा. आपल्याला इथे दोन शब्द लागतात. त्या काळच्या स्कॉट्स भाषेला, म्हणजे इंग्रजीच्या स्कॉटलंडमधल्या बहिणीला, एकच पुरायचा : 'नेव्हो'.

हा शब्द स्कॉट्समध्ये आला जुन्या फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधल्या 'नेपोस'वरून. 'नेपोस' म्हणजे आधी नातू, पुढे भाचा आणि पुतण्याही. त्याचं संस्कृतातलं भावंड 'नप्तृ'. ऋग्वेदातल्या 'अपां नपात्' या देवतेच्या नावात तोच शब्द आहे. प्राकृतात 'प्त'चा 'त्त' झाला, मराठीत येताना एक 'त' गळाला आणि आधीचा स्वर लांबला. सप्तचं सत्त, सत्तचं सात झालं, अगदी तसंच नप्तृपासून आपला नातू. नातू आणि नेव्हो एकाच घरातले, हे कळलं तेव्हापासून मला या शब्दाचा लळाच लागला आहे.

पण नातू आणि भाचा एकाच शब्दात कसे मावले? याचं उत्तर मला मामाच्या शब्दात सापडतं. जुन्या स्कॉट्समध्ये मामा म्हणजे 'ईम'. जुन्या इंग्रजीत तो प्रामुख्याने आईच्या भावासाठी होता, वडिलांच्या भावाला वेगळा शब्द होता. मामा आणि काका तिथेही निराळेच. 'ईम'चं मूळ मात्र आजोबांच्या शब्दात आहे. लॅटिनमध्येही 'आवुस' म्हणजे आजोबा आणि 'आवुन्कुलुस' म्हणजे मामा, शब्दशः 'छोटा आजोबा'. मामाच छोटा आजोबा असेल, तर भाच्याने नातवाचं नाव घेतलं यात नवल नाही.

जॉन बार्बरने १३७५च्या सुमारास ब्रूसवर दीर्घकाव्य लिहिलं. त्यात थॉमस रँडॉल्फ हा राजाचा 'नेव्हो' आहे. तो इंग्रजांच्या बाजूने लढताना पकडला जातो, राजासमोर उभा केला जातो आणि मान न झुकवता मामालाच सुनावतो : लढायचं तर समोरासमोर लढा. ब्रूस त्याला कैदेत टाकतो, पण मारत नाही. पुढे दोघांची दिलजमाई होते आणि १३१४ मध्ये हाच रँडॉल्फ एडिंबरोचा कडा रात्री चढून मामासाठी किल्ला घेतो.

'ईम'ची जागा पुढे फ्रेंचमधून आलेल्या 'अंकल'ने घेतली, आणि त्यात मामा-काका एक झाले. नातवासाठी स्कॉट्समध्ये गेलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या भाषेतून आलेला 'ओय' होताच. 'नेव्हो'चं नंतरचं रूप 'नेव्हॉय'. त्याच्याकडे भाचा-पुतण्या तेवढे राहिले.