चौथी पायरी

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या 12 पायऱ्यांपैकी चौथी. दारू थांबवलेल्या माणसाने आपल्या स्वभावाची निर्भीडपणे झाडाझडती घ्यावी, आणि ती लेखी घ्यावी, असे या पायरीत अपेक्षित आहे. एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब यांच्या भेटीतून झाली; पायऱ्या 1939 मध्ये पुस्तकात छापल्या गेल्या. दोष कबूल करण्याची रीत ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आली. दृष्टान्त मात्र दुकानाचा घेतला आहे: खपणारा माल किती आणि नासका किती, हे मोजल्याशिवाय धंदा तगत नाही.

वही उघडण्याआधी अंगातली दारू उतरलेली हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडल्यास काही तासांत थरथर सुरू होते, पुढे फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. त्या दिवसांत डॉक्टरच हवेत. त्यानंतर पहिल्या तीन पायऱ्या स्पॉन्सरबरोबर, म्हणजे आधीपासून सोबर (दारूपासून दूर) असलेल्या अनुभवी सदस्याबरोबर, करून मग लिहायला बसतात.

मुख्य तक्ता मनातल्या रागाचा. पानावर चार रकाने आखतात: राग कोणावर, कशामुळे, त्याने माझ्या कशाला धक्का लागला (स्वाभिमान, पैसा, नाती, सुरक्षितता) आणि त्यात माझा वाटा काय. आधी पहिला रकाना वरपासून खालपर्यंत नावांनी भरायचा, मग दुसरा, मग तिसरा. एकेक ओळ आडवी पुरी करत गेले की पहिल्याच नावावर गाडी अडते. नमुन्याची एक ओळ अशी: ‘थोरला भाऊ, चारचौघांत मला चोर म्हणाला, स्वाभिमान आणि घरातला मान, आईच्या औषधाचे 800 रुपये मी प्यायलो होतो.’ पहिले तीन रकाने कोणीही सहज भरतो, कारण ते वर्षानुवर्षे तोंडपाठ असतात. चौथ्याशी पेन थांबते, आणि ही पायरी खरी तिथेच सुरू होते. भाऊ चुकला की नाही, हा प्रश्न त्या रकान्यात येतच नाही.

लहानपणी झालेला अत्याचार किंवा मारहाण यांत मात्र स्वतःचा वाटा शोधू नये. तो रकाना कोरा सोडावा आणि त्या जखमेसाठी समुपदेशकाची मदत घ्यावी. इथे अट्टहासाने दोष शोधायला लावणारा स्पॉन्सर चुकतो.

याच वहीत भीतीची यादी आणि लैंगिक वर्तनाचा हिशेब येतो. चांगले गुणही लिहावेत, नाहीतर मोजदाद एकतर्फी होते.

बिघडते ते ठराविक ठिकाणी. कोणी आत्मचरित्र लिहू लागतो आणि चाळीस पानांनंतरही शाळेतच असतो. कोणी ‘मी नालायक आहे’ एवढेच लिहितो. हे वाक्य प्रामाणिक वाटते, पण त्यात एकही घटना नसल्याने बदलायला काही हाती लागत नाही. पिण्यामुळे आठवणीत पडलेल्या खिंडारांत कल्पना भरू नये, ‘आठवत नाही’ असे लिहावे. वही घरच्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. अर्धवट वाचलेल्या ओळींनी घरे पेटतात.

सर्वांत धोक्याचे म्हणजे लिहून झाल्यावर थांबणे. उकरून काढलेले एकट्याने घेऊन बसले की स्लिप, म्हणजे पुन्हा पिणे, व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पाचव्या पायरीची, म्हणजे हे सारे दुसऱ्या माणसासमोर बोलण्याची, तारीख लिहायला बसतानाच ठरवावी. त्या बैठकीसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा, फोन बंद असावा. स्पॉन्सर गुप्तता पाळतो, पण वकिलासारखे कायदेशीर संरक्षण त्याला नाही. गुन्ह्याची बाब असल्यास आधी वकिलाला भेटावे.

पुढे दहाव्या पायरीत हेच काम रोज होते, बहुतेक जण ते रात्री झोपण्यापूर्वी करतात: आज कुठे चिडलो, कुठे खोटे बोललो, कोणाची माफी मागायची राहिली. काही जण पाचव्या पायरीनंतर वही जाळतात. जाळण्यापूर्वी आपण ज्यांना दुखावले त्यांची नावे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत, आठव्या पायरीला तीच यादी लागते.