केरळची अँटिबायोटिक साक्षरता

अँटिबायोटिक औषधांचा, म्हणजे प्रतिजैविकांचा, नको तिथे होणारा वापर थांबवण्यासाठी केरळ राज्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये हाती घेतलेली मोहीम. तिच्या मुळाशी असलेला राज्य कृती आराखडा ‘कार्सॅप’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. केंद्राचा राष्ट्रीय आराखडा २०१७ मध्ये आला. त्यावरून स्वतःचा आराखडा करणारे केरळ हे देशातले पहिले राज्य; मध्य प्रदेश आणि दिल्ली त्यानंतरचे.

औषधाची सवय शरीराला होते, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात बदलतात ते जिवाणू. औषधाने लेचेपेचे मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. शिवाय तग धरण्याचे जनुक एकमेकांना देतात. सर्दी-पडसे, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, मात्र त्या गोळीने आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना प्रतिरोधाचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, शिक्षण फुकट मिळते. जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

प्रतिरोध डोळ्यांनी पाहता येतो. प्रयोगशाळेत बशीतल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या थिजलेल्या थरावर, रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू पसरतात आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. बशी रात्रभर उबेत राहिली की लागू पडणाऱ्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. जिवाणू दाद देत नसेल तर त्याचा दुधी थर थेट टिकलीला भिडलेला दिसतो. अशा असंख्य बशांचे निकाल एकत्र मांडले की कोणत्या भागात कोणते औषध अजून चालते, याचा तक्ता तयार होतो. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. केरळने त्यासाठी ‘कार्स-नेट’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. तक्ता नसेल तर डॉक्टरला अंदाजानेच औषध निवडावे लागते, म्हणून हे काम मोहिमेचा कणा मानायला हवे.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला देशभर बंदीच आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या औषध नियमांतल्या ‘शेड्यूल एच-वन’ या यादीनुसार त्यातल्या अनेक औषधांच्या विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तरी मेडिकलमध्ये जाऊन “मागच्या वेळची तीच गोळी द्या” म्हटले की काम होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ सुरू करून नेमके इथेच बोट ठेवले. दुकानांची अचानक तपासणी होऊ लागली. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही, अशी पाटी लावणे आले. पुढे निळे पाकीट आले. अँटिबायोटिकची पट्टी इतर गोळ्यांत न मिसळता या वेगळ्या पाकिटात द्यायची आणि वापराच्या सूचना पाकिटावरच छापायच्या. कित्येक रुग्णांना आपल्या हातातली गोळी अँटिबायोटिक आहे हेच ठाऊक नसते. पाकिटाचा रंग ते सांगतो, अक्षर न वाचताही.

‘साक्षरता’ हा शब्द केरळात सहज रुजला. १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिक्कोड येथे राज्य संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली होती. त्याच जिल्ह्यातले कक्कोडी कुटुंब आरोग्य केंद्र पुढे अँटिबायोटिकच्या योग्य वापरासाठी ‘अँटिबायोटिक स्मार्ट’ ठरले. हा मान मोठ्या इस्पितळाऐवजी गावच्या केंद्राला मिळाला, ही या मोहिमेची सर्वांत मोलाची बाजू. कारण सर्दी-तापाच्या कितीतरी चिठ्ठ्या अशाच ठिकाणी लिहिल्या जातात. मोहिमेच्या समित्याही गटपातळीपर्यंत नेल्या गेल्या.

माणसांपुरतेच बघून भागत नाही. कोंबड्या, गुरे, मासे यांनाही ही औषधे दिली जातात, म्हणून पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय हे विभागही आराखड्यात आहेत. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाणारे कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतले औषध. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमधला त्याचा वापर केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंद केला. घरात उरलेल्या गोळ्या कचऱ्यात वा सांडपाण्यात जाऊ नयेत म्हणून २०२५ मध्ये कोळिक्कोडमध्ये त्या गोळा करण्याची योजनाही सुरू झाली.

अँटिबायोटिकचा वापर २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे राज्य सरकार सांगते. ही घट मोठी आहे, पण खप उतरला म्हणजे प्रतिरोधही उतरला, असे होत नाही. एकदा पसरलेले प्रतिरोधाचे जनुक औषध कमी झाल्यावरही बराच काळ टिकून राहू शकते.