ठोके ताळ्यावर आले. पंपिंगला थोडा वेळ द्या

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायचा विजेचा शॉक घेऊन पेशंट घरी आला की दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) फोन येतो: 'पंपिंग किती टक्के झालं?' खानापूर, निपाणी, चिकोडीहून खास त्यासाठी गाडी करून येणारेही आहेत. डॉक्टरांनीच सांगितलं नसेल, तर एवढ्या घाईच्या इकोत फारसं हाती लागत नाही.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. खालचा कप्पा भरताना शेवटचा रेटा वरच्याचा असतो, साधारण २० ते ३० टक्के, तोच जातो. त्यात ठोके १३०-१४० च्या घरात आठवडेच्या आठवडे राहिले, तर स्नायू थकतो, कप्पा फुगतो, पंपिंग घसरतं.

रिपोर्टवर 'एलव्हीईएफ'पुढचा आकडा तो हाच: डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं. ५५ ते ७० नॉर्मल. शंभर कुणाचाच नसतो, त्यामुळे ६० वाचून 'चाळीस टक्के हार्ट गेलं' म्हणून घरात रडारड नको. (होते, म्हणून लिहिलं.)

निव्वळ बिघडलेल्या ठोक्यांमुळे पंपिंग उतरलं असेल, तर ते बऱ्याच जणांचं सावरतं; पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. २०१७ च्या कॅमेरा-एमआरआय अभ्यासात अशा पेशंटांचं पंपिंग अब्लेशननंतर (नळी घालून ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करतात, ते) ६ महिन्यांत सरासरी १८ अंकांनी वाढलं. गोळ्यांनी नुसता वेग आवरलेल्यांचं ४ च्या आसपास. स्नायूवर व्रण असलेल्यांना फायदा कमी झाला.

शॉकनंतर ईसीजीत ठोके नियमित दिसले तरी वरचा कप्पा काही दिवस, कधी काही आठवडे सुस्तच असतो आणि तिथे गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ करायची गोळी निदान ४ आठवडे चालू ठेवतात, अनेकांना कायमची. ती आपल्या मनाने बंद करू नका, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानेही नको.

पुढच्या इकोला जुना रिपोर्ट आणा. ठोके अनियमित असताना आकडा ठोक्यागणिक बदलतो. आम्ही बऱ्याच ठोक्यांची सरासरी काढतो, तरी ३५ चे ३८ झाले तर तो फरक मोजणीचाही असू शकतो. साध्या इकोला उपाशी यायला नको, सकाळच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. आडवं झाल्यावर दम लागतो, चक्कर येऊन पडलात, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर आमच्याकडे न येता थेट दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा.

हाच कागद कन्नडमध्येही काउंटरवर मिळेल.