रेल्वे देखावा (नॅरोगेज, विदर्भ)

ठरावीक प्रमाणात लहान केलेली, विजेवर चालणारी आगगाडी आणि तिच्याभोवतीचा मुलूख लाकडी फळीवर उभा करण्याचा छंद. हौशी मंडळी अशा फळीला सरळ ‘लेआउट’ म्हणतात. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत देखावा करायचा तर सर्वांत सोयीचा विषय म्हणजे ७६२ मि.मी. (अडीच फूट) रुंदीचा नॅरोगेज मार्ग. त्याची वळणे आखूड, गाड्या दोन-तीन डब्यांच्या आणि स्थानके एका छपराची. त्यामुळे चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवरही तो खरा वाटतो. ब्रॉडगेज एवढ्या जागेत मावतच नाही, आणि मावला तरी खेळण्यासारखा दिसतो.

मूळ मार्ग

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. पुलगाव–आर्वी हा त्याच कुळातला ३५ किलोमीटरचा फाटा. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणून मुंबई बंदराकडे पाठवण्यासाठी ही रेल्वे टाकली गेली. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची होती आणि कारभार किलिक निक्सन ही ब्रिटिश व्यापारी पेढी पाहत असे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ही तारीख देखावा करणाऱ्याने लक्षात ठेवावी, कारण फळीवर कोणती मोटार उभी करायची हे तिच्यावरून ठरते. शेवटच्या काळात फाटक लावण्यापासून तिकिटे देण्यापर्यंतची कामे गाडीबरोबरचे कर्मचारीच करत. म्हणून फाटकाशी थांबलेली गाडी आणि खाली उतरलेला माणूस हा या मार्गाचा सर्वांत ओळखीचा प्रसंग ठरतो.

पूर्व विदर्भात बंगाल नागपूर रेल्वेचे नॅरोगेज जाळे होते. त्यातली इंजिने व डबे नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात (स्थापना २००२) जवळून पाहता येतात. मापे घ्यायला एवढी चांगली जागा जवळपास दुसरी नाही. नुसत्या छायाचित्रावरून काम करायचे असेल, तर अगदी समोरून काढलेल्या चित्रात दोन रुळांमधले अंतर ७६२ मि.मी. धरावे आणि त्या हिशेबाने उंची-रुंदी काढावी. तिरप्या चित्रावरून काढलेली मापे हमखास चुकतात.

प्रमाण निवडणे

एचओ या मॉडेल-प्रमाणात खरी वस्तू ८७ पट लहान होते (१:८७). या प्रमाणात ७६२ मि.मी.चा गेज (दोन रुळांमधले अंतर) ८.७६ मि.मी. होतो. बाजारात एन गेजचा (त्याहून लहान प्रमाणातल्या गाड्यांचा) ९ मि.मी.चा रूळ मिळतो, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. तो डोळ्याला दिसत नाही. या जोडीला एचओई म्हणतात आणि या नोंदीतले पुढचे हिशेब तिचेच आहेत. १:७६ मध्ये तोच ९ मि.मी.चा रूळ वापरतात, पण तिथे गेज १० मि.मी. हवा असल्याने गाडी रुळापेक्षा जाड दिसते. १:४८ वर १६.५ मि.मी.चा रूळ चांगला जुळतो, मात्र जागा दुप्पट लागते.

एचओईमध्ये भारतीय नॅरोगेज इंजिन तयार मिळेल अशी आशा धरू नये. रूढ उपाय असा, की एन गेजच्या छोट्या डिझेल इंजिनाचा खालचा सांगाडा घ्यायचा आणि वरचे कवच घरी करायचे. कवचासाठी जुनी पीव्हीसी ओळखपत्रे उत्तम. त्यांची जाडी ०.७६ मि.मी. असते, धारदार कटरने दोनदा खाच पाडली की ती सरळ तुटतात आणि बोअरवेलच्या पाइपांना लावतात त्या सोल्यूशनने चिकटतात. सोल्यूशन सुईच्या टोकाने लावावे. ब्रशने लावले तर कार्ड विरघळून कोपरे बसतात.

फळी

सांगाडा दोन इंच बाय एक इंच सागवानी पट्ट्यांचा, आडव्या पट्ट्या दर पंधरा इंचांवर, वर ९ मि.मी.चा पाणीरोधक प्लाय. सागवान विदर्भात दुर्मीळ नाही, पण नवे ओले लाकूड घेऊ नये. जुन्या चौकटीच्या किंवा पलंगाच्या पट्ट्या सुताराकडे मिळतात. त्या कधीच वाळून स्थिर झालेल्या असतात. ओल्या लाकडाचा सांगाडा मे महिन्यात आकसतो, प्लाय मधोमध फुगतो आणि सपाट टाकलेल्या रुळाला चढ-उतार येतो. प्लायची खालची बाजू व कडाही ऑइल पेंटने बंद कराव्यात. नुसती वरची बाजू रंगवली तर पावसाळ्यात फळी वाकते.

फळी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि पाय जुने इंजिन ऑइल घातलेल्या वाट्यांत, म्हणजे वाळवी व मुंग्या चढत नाहीत. उन्हाळ्यात ती कुलरच्या झोतात येऊ नये. कुलरच्या दमट हवेने प्लाय सुजतो, लोखंडी आस गंजतात आणि जड पाण्यातला क्षार रुळांवर पांढऱ्या धुरळ्यासारखा बसतो. वीज जाणार नाही तिथे मग इंजिन फिरकतही नाही.

रूळ टाकणे

फळी १२२० बाय ६१० मि.मी.ची. वळणाची त्रिज्या २२८ मि.मी. (नऊ इंच) घेतली तर कडेपासून ७७ मि.मी. जागा सुटते, गाडी घसरलीच तर जमिनीवर न पडता फळीवर पडते. दोन अर्धवर्तुळांचे मिळून १४३२ मि.मी. आणि ६१० मि.मी.च्या दोन सरळ बाजू, असा पूर्ण फेरा २६५२ मि.मी.चा होतो. लवचिक रूळ ९१४ मि.मी.च्या तुकड्यात येतो, म्हणजे फेऱ्याला तीन तुकडे पुरतात. स्थानकाच्या दुसऱ्या मार्गासाठी चौथा तुकडा व दोन सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे), जिनिंग कारखान्याच्या साइडिंगसाठी, म्हणजे बाजूच्या मार्गासाठी, तिसरा सांधा. या दुसऱ्या मार्गावर इंजिन आणि दोन डबे उभे राहतात. तिसरा डबा सांध्यावर येतो, तेव्हा त्याचा मोह सोडावा.

त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुप्पट असली तर गाडी चालते, तिप्पट असली तर शोभते. खरा दहा-साडेदहा मीटरचा डबा १२० मि.मी.चा होतो आणि २२८च्या वळणावर अडखळतो. एक खिडकी कमी करून तो १०० मि.मी.चा केला, तर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि रुळावरूनही उतरत नाही.

विदर्भात रूळ टाकताना सर्वाधिक फसगत उष्णतेमुळे होते. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४६, हा ३६ अंशांचा फरक. निकेल सिल्व्हरचा ९१४ मि.मी.चा तुकडा तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त. हिवाळ्यात रूळ टोकाला टोक भिडवून टाकले, की पहिल्याच कडक उन्हाळ्यात वळणावर ते स्लीपरमधून (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांतून) बाहेर फुगतात. म्हणून थंडीत काम करताना प्रत्येक सांधणीत लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून रूळ बसवावा आणि मग तो काढून घ्यावा. एप्रिल-मे महिन्यात टाकले तर फट ठेवू नये. त्या वेळी रूळ आधीच ताणलेले असतात.

याला एक अडचण आहे. वळणावरच्या जोडात फट ठेवली तर तिथे कोपरा पडतो आणि चाक त्यावर चढते. तेव्हा वळणात येणारा जोड रूळ वाकवण्याआधी सरळ अवस्थेत डाग देऊन (सोल्डर करून) पक्का करावा आणि फटी सगळ्या सरळ बाजूंवर घ्याव्यात. डाग देण्यासाठी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवले तर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. शेजारच्या दोन स्लीपरवर ओला कापूस ठेवावा.

वीज

रुळाला १२ व्होल्ट डीसी लागते. एवढ्या लहान इंजिनाला ०.३ अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. भारनियमनाच्या गावात फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी हा सोपा मार्ग आहे. ती अर्ध्यापर्यंतच उतरवली तरी गाडी बारा तास सहज पळते. पण बॅटरी आणि कंट्रोलर (गाडीचा वेग कमी-जास्त करणारे साधन) यांच्यामध्ये १ अँपिअरचा फ्यूज घातल्याशिवाय तार जोडू नये. घसरलेला डबा दोन्ही रुळांवर आडवा पडला, तर बॅटरी क्षणात कितीतरी अँपिअर ओतते, तार लाल होते आणि स्लीपर जळतात. कंट्रोलरची गरज टाळता येत नाही, कारण खरा वेग ताशी २० कि.मी. धरला तर देखाव्यावर तो सेकंदाला ६४ मि.मी. होतो, एका फेऱ्याला ४१ सेकंद. नव्याने बनवलेल्या जवळपास सर्व देखाव्यांवर गाडी याच्या तिप्पट वेगाने पळवली जाते आणि तिथेच सगळी गंमत जाते.

प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारा द्याव्यात. जोडपट्टीतून वीज जाते खरी, पण धूळ बसली की ती थांबते. आतल्या रुळाला काळी आणि बाहेरच्या रुळाला लाल, हा नियम पूर्ण फेऱ्यात पाळावा. एखादी तार उलटी लागली तर दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

गाडी एका ठरावीक जागी अडते, ही या छंदातली नित्याची तक्रार. आधी बोटाने हलके ढकलून पाहावे. ढकलल्यावर लगेच चालली, तर दोष विजेचा. सांध्यावर अडत असेल, तर सांध्याच्या मध्यावरचे टोक प्लास्टिकचे आहे का ते पाहावे. चारच चाकांचे छोटे इंजिन अशा मृत तुकड्यावर हटकून थांबते, म्हणून सांधे घेताना धातूच्या, वीजवाही टोकाचेच घ्यावेत. सरळ रुळावर अडत असेल, तर मल्टिमीटर लावून त्या तुकड्यात १२ व्होल्ट पोहोचतात का ते पाहावे. ढकलूनही चालत नसेल, तर आसाला काहीतरी गुंडाळले गेले आहे. कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे तंतू आसावर सुतासारखे चढतात. ते चिमट्याने उलट फिरवत काढावेत, ओढू नयेत, नाहीतर दातेरी चाकाचा दात जातो.

माती, गिट्टी, झाडे

काळी माती वावरातून उचलून तशीच पसरली, तर ती पाणी पिऊन फुगते, वाळताना फाटते आणि खालचा फेविकॉलही उचलते. शिवाय ३ मि.मी.ची भेग म्हणजे प्रमाणात २६ सेंटिमीटरची, माणसाचा पाय जाईल एवढी. त्याऐवजी फळीला गडद तपकिरी रंग द्यावा. माती तव्यावर दहा-पंधरा मिनिटे भाजून (किडे व ओल दोन्ही जातात) मलमलच्या फडक्यातून चाळावी आणि ओल्या रंगावर नुसती भुरभुरावी.

गिट्टीसाठी क्रशरवरची चुरी चहाच्या गाळणीने चाळून अर्ध्या मिलिमीटरचे कण घ्यावेत. नंतर त्यांतून लोहचुंबक फिरवावा. बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत गेले की मोटार गेलीच म्हणून समजा. गिट्टी कोरडी पसरून वर फेविकॉल आणि दुप्पट पाण्याचे मिश्रण, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडावे. साबण नसेल तर पाण्याचे गोळे होऊन गिट्टी वाहून जाते. नॅरोगेजवर गिट्टी विरळ आणि गवत दाट असे, त्यामुळे इथे कंजुषी शोभते.

पऱ्हाटीच्या बारीक फांद्या बाभळीच्या खोडासाठी चपखल; वाळक्या तुळशीच्या मंजिऱ्या झुडपांसाठी. दहा मीटरचे कडुनिंब ११५ मि.मी.चे होते. कापसाच्या दोन ओळींतले ९० सेंटिमीटर अंतर म्हणजे १० मि.मी. बोंडे पांढऱ्या रंगाच्या टिपक्यांनी दाखवावीत; खरा कापूस लावला की वर सांगितलेली आसाची कथा सुरू होते.

जुनी वाहने

रुळाशेजारच्या रस्त्यावर काय उभे आहे, यावरून देखाव्याचा काळ कळतो. साठच्या दशकातले वाफेचे इंजिन असेल, तर अँबेसिडर (१९५७ पासून), जीप आणि तारेचे चिन्ह मिरवणारा टाटा-मर्सिडीझ ट्रक चालतो. ल्युना किंवा चेतक चालत नाही; दोन्ही सत्तरच्या दशकातल्या. मारुती ८०० डिसेंबर १९८३ च्या आधी दिसता कामा नये. बंडी आणि रेंगी या बैलगाड्या मात्र कोणत्याही काळात चालतात.

मापाची गडबड सर्वांत जास्त इथेच होते. अँबेसिडर सुमारे ४.३ मीटरची, म्हणजे १:८७ वर ५० मि.मी.ची. जत्रेत किंवा दुकानात मिळणारी गाडी बहुधा १:६४ च्या आसपासची असते. त्या मापाची अँबेसिडर ६७ मि.मी.ची भरते आणि फाटकातून जाताना राक्षसासारखी दिसते. अशी गाडी टाकवत नसेल, तर ती फळीच्या अगदी पुढच्या कडेला ठेवावी. जवळची वस्तू मोठी दिसते हा डोळ्याचा धर्म तिला सांभाळून घेतो. बंडीची चाके १५ मि.मी.च्या आसपासची हवीत. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारे सुतार ती सफाईने कापून देतात, फक्त एक चाक नमुन्याला न्यावे लागते.

नंबरप्लेटची चूक इंजिनाच्या चुकीपेक्षा लवकर पकडली जाते. ‘एमएच’ने सुरू होणारे क्रमांक १९८९ नंतरचे, वाफेच्या इंजिनाशेजारी ते दिसले तर इंजिन उतारवयातले, नव्वदच्या उंबरठ्यावरचे असायला हवे. यवतमाळसाठी २९, अमरावतीसाठी २७, अकोल्यासाठी ३०. वाशीमचा ३७ लावायचा असेल तर मार्गावर डिझेल हवे, कारण तो जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला.

निगा

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावेत. सँडपेपर लावू नये. त्याचे ओरखडे पुढच्या धुळीला घर देतात. रॉकेलचा थर मागे राहतो. इंजिनाला शिलाई मशीनचे तेल टाचणीच्या टोकावर येईल तेवढेच, प्रत्येक आसाला एकदा, सहा महिन्यांतून. गाडी बंद असताना फळीवर जुनी सुती चादर टाकू नये, तिचे तंतू झडतात. खताच्या पोत्यांचे आतले प्लास्टिक धुऊन, वाळवून घातले तर धूळ आणि पाली दोन्ही बाहेर राहतात. पावसाळ्यात मात्र दर दोन-तीन दिवसांनी ते उघडून हवा द्यावी लागते, नाहीतर आत घाम धरतो आणि फेविकॉलने बसवलेल्या झाडांना बुरशी येते.