चेहरा दिसतो, भाव निसटतो

फोटोची एक आडवी पट्टी. तिच्यात फक्त डोळे आणि भुवया, बाकी चेहरा कापलेला. चार कोपऱ्यांत चार शब्द. या माणसाच्या मनात आत्ता काय चाललंय, ते सांगणारा शब्द निवडायचा. अशा ३६ पट्ट्यांची ही चाचणी मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली सुधारित रूपात मांडली. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असलेल्या अनेकांना ती निरोगी माणसांपेक्षा जड जाते. चेहऱ्यावरचे राग, भीती, दुःख हे भाव तर विशेष निसटतात.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. आवरण झिजलं की संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच अडतो. तोल, नजर, थकवा यांची चौकशी दवाखान्यात होते. समोरच्याचा राग ओळखता येतो का, हे क्वचितच कुणी विचारतं. घरच्यांना मात्र वाटत राहतं, की याला आता आपलं काही पडलेलं नाही. हा आरोप फार लागतो, आणि कित्येकदा तो खरा नसतो.

कारण दुसऱ्याचं मन ओळखणं हे मेंदूच्या एका कोपऱ्याचं काम नाही. भावनांशी निगडित असलेला बदामाएवढा अमिग्डाला, कपाळामागचा मधला भाग, कानाच्या वर-मागचा पट्टा या सगळ्यांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं. हे बोलणं जातं मायलिन असलेल्या तंतूंवरूनच.

नेहमीच्या एमआरआयमध्ये एमएसने इजा झालेल्या जागी पांढरे डाग दिसतात, पण डागांची संख्या आणि माणसाचा त्रास यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. म्हणून डिफ्यूजन एमआरआय कामाला येतो. तो पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतो. धडधाकट तंतूंच्या जुडीत पाणी तंतूंच्या दिशेने सहज सरकतं, आडवं फारसं जात नाही. जुडी बिघडली की ते आजूबाजूलाही पसरू लागतं. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवतो. इथे घाई नको: एखादा भाग जास्त उजळला म्हणजे तो जास्त तल्लख झाला, असं नाही. तेवढ्याच कामासाठी मेंदूला जास्त राबावं लागत असेल.

चाचण्यांचे आणि स्कॅनचे हे निष्कर्ष बहुतेक गटांच्या सरासरीचे आहेत. एमएस असलेल्या प्रत्येकाला ही अडचण येते असं नाही, आणि एकट्याच्या स्कॅनवरून ती आहे की नाही हे सांगताही येत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या त्या ३६ पट्ट्यांसारख्या चाचण्याच समोर ठेवाव्या लागतात.