पीएम सूर्यघर योजनेत छतावर सोलर: अर्जाआधी लाइट बिल नीट वाचा

अर्ज भरायला बसण्याआधी घरातलं ताजं लाइट बिल शोधून समोर ठेवा. त्यावरच्या तीन गोष्टी बघायच्या: बिल कोणाच्या नावावर आहे, मंजूर भार (कंपनीने तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली विजेची मर्यादा) किती आहे आणि मागच्या बारा महिन्यांत किती युनिट जळले. पुढचा सगळा अर्ज या तीन गोष्टींवर उभा राहतो.

नावाचं आधी सांगते, कारण तिथेच आमचं अडलं. गावच्या घराचं मीटर आजोबांच्या नावावर होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरलं जात होतं, त्यामुळे नाव बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. अर्ज करताना लक्षात आलं की अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं आणि खात्यावरचं नाव बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं. मग मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा आणि आत्या-काकांची संमतिपत्रं गोळा करून आधी मीटर आईच्या नावावर करून घेतलं. त्यात दोन महिने गेले. तुमच्याकडे असं काही असेल तर सोलरचा विचार पक्का व्हायची वाट न बघता नावबदलाचा अर्ज आजच टाका. स्पेलिंगचा फरक असला तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. थकबाकी असेल तर तीही भरून टाका.

‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ हे तिचं पूर्ण नाव, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. नावात ‘मुफ्त बिजली’ असली तरी पॅनेल फुकट मिळत नाहीत. खर्च तुम्ही करायचा आणि त्यातला ठरावीक भाग सरकार परत देतं.

कोणाला मिळतं?

अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर स्वतःचं हवं, पॅनेल बसतील असं छत हवं आणि चालू घरगुती वीजजोडणी हवी. सोलरसाठी आधी अनुदान घेतलेलं नसावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, कारण गच्ची सगळ्यांची असते. पण सोसायटी स्वतः अर्ज करू शकते. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप, गाड्यांचं चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. मर्यादा घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत आहे.

किती किलोवॅट घ्यायचं?

अनुदान असं आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही घेतलं तरी ७८,०००.

या आकड्यांकडे बघून बरेच जण सरसकट ३ किलोवॅट घेतात. मला ते पटत नाही. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. पावसाळ्यात ती कमी होते आणि एप्रिल-मेमध्ये वाढते. तुमचा वर्षाचा सरासरी वापर महिन्याला २०० युनिट असेल तर २ किलोवॅट पुरतं. दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर तिसरा किलोवॅट आताच घेतलेला बरा. बिलावर महिन्यांचा आलेख असतो. त्यातले बारा आकडे मिळवून बाराने भागा आणि मग ठरवा. स्थिर आकार मात्र सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो, बिल अगदी शून्यावर येईल या भरवशावर राहू नका.

प्रत्येक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याची टाकी, शेजारचा आंबा, जिन्याची खोली यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात कुठे पडते हे एक दिवस गच्चीवर थांबून बघा, आणि शक्यतो हिवाळ्यात बघा, तेव्हा सावल्या लांब असतात.

आपल्याकडची बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. २ किलोवॅटचं एक छत वर्षाला जेवढी वीज देतं, तेवढी कोळशापासून करायला पावणेदोन-दोन टन कोळसा लागतो. चंद्रपूरच्या धुळीत राहिलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

अर्ज

पीएम सूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून नोंदणी करा, राज्य आणि वीज कंपनी निवडा आणि ग्राहक क्रमांक भरा. महावितरणचा तो बारा अंकी असतो. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी यांपैकी तुमची जी कंपनी असेल ती निवडा. गोव्यात वीज खातं निवडायचं. लाइट बिल अपलोड करून अर्ज पाठवा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणीची वाट बघावी लागत नाही.

जवळ ठेवायचे कागद: लाइट बिल, आधार, घराच्या मालकीचा पुरावा, पासबुक किंवा रद्द केलेला चेक. कर्ज घेणार असाल तर पॅन आणि उत्पन्नाचे कागद. ३ किलोवॅटपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी (ज्या दराने ती इतर बँकांना कर्ज देते) जोडलेला असतो.

अर्ज स्वतः भरा किंवा घरातल्या मुलांकडून भरून घ्या. मोबाइलवर आलेला ओटीपी सोलर बसवून देणाऱ्या व्हेंडरला देऊन ‘तुम्हीच भरा’ म्हणू नका. मोबाइल नंबर त्याचा गेला तर पुढचे सगळे निरोप त्यालाच जातात.

व्हेंडर पोर्टलवर नोंदवलेलाच हवा, नाहीतर अनुदान नाही. किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. पॅनेल डीसीआर म्हणजे भारतात बनवलेल्या सेलची आहेत ना, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) कोणता, सांगाड्याचं लोखंड गॅल्वनाइज्ड आहे का, अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक धरले आहेत का, आणि पाच वर्षांची देखभाल लिहून दिली आहे का, हे विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर बोट ठेवा. कोकणात राहत असाल तर सांगाड्यावर पैसे वाचवू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे पत्रे कसे उडाले ते आठवा.

काम झाल्यावर व्हेंडर पोर्टलवर तपशील भरतो आणि नेट मीटरसाठी, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज जातो. कंपनीचे कर्मचारी येऊन तपासणी करतात आणि मीटर बसवतात. प्रकल्प सुरू झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर आलं की बँक तपशील भरायचे. त्यानंतर साधारण ३० दिवसांत अनुदान खात्यात येतं. काम अर्धवट असताना ‘फोटो टाकायचाय, सही करा’ म्हटलं तर करू नका.

महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी महाराष्ट्र सरकारची स्मार्ट योजना आहे. १ किलोवॅटवर केंद्राच्या ३०,००० रुपयांशिवाय दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये राज्य देतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला हे सांगा आणि जमलं तर त्यांचा अर्ज स्वतः भरून द्या.

वीज गेली की सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो, त्यात बिघाड काही नाही. बॅटरी हवी असेल तर तिला अनुदान नाही.

पहिलं बिल आलं की घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट नेट मीटरच्या आकड्यांशी ताडून बघा. दिलेले युनिट बिलात आलेच नसतील तर लगेच मीटरचा फोटो काढून उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. योजनेबद्दलच्या शंकांसाठी १५५५५ हा क्रमांक आहे.